सव्वीस शर्ट

महागाव, २ जून २०२५

ती. कौसल्याआत्यास अर्पिताचा सविनय जयभीम, वि. वि.

कापसाच्या जिनिंगमधल्या यंत्रांच्या आवाजानं तुझे कान गेले, फोनवर काही ऐकू येत नाही, म्हणून पत्र. आईचा गुडघा दुखतो, तरी ती बसत नाही. बाकी सारे ठीक.

शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात तीन वर्षं मी मशीनवर होते. मार्चपासून सुपरवायझर केलं. हाताखाली चौदा बाया. मालक वामनरावांनी गेल्या महिन्यात नियम काढला. प्रत्येकीचे शर्ट रोज फळ्यावर लिहायचे. शनिवारी पहिली येईल तिला इनाम, शेवटची येईल ती कामावरून कमी. काम वाढेल असं त्यांना वाटलं. झालं उलटंच. चाळीस शर्ट शिवणारी नंदाबाई सव्वीसवर मशीन थांबवते. बाकीच्याही बरोबर सव्वीस. दोन शनिवार गेले, ना कुणी पहिली, ना कुणी शेवटची. तेवीस तारखेला शाळा उघडतात आणि माल अर्धाही नाही. वामनराव म्हणतात, चौदा तारखेला एक नाव द्याच, नाहीतर तुमचंच नाव काढतो.

मला फार राग येतो, आत्या. कालपर्यंत आम्ही एकत्र डबा खात होतो, आता मी जवळ गेले की गप्प होतात. काहून वागतात अशा? तू सांगशील तसं करीन.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
अर्पिता

मुकुटबन, ९ जून २०२५

चि. अर्पितास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. तुह्या मायले सांग, गुडघ्यापुढं कोनाची जिद्द चालत नाही.

पोरी, चौदा बाया एकदम कामचोर होत नसतात. त्याइच्यात सर्वांत हळू कोन हाय, ते पाय. बाकीच्या तिच्यासाठी थांबून राह्यल्या असन.

जिनिंगात लागाच्या आधी मी कापूस वेचाले जात होती. जोडीदारीन विजयमाला. तिची ओळ मांगं राह्यली का मी हात लावून देत होती, माही राह्यली का ती. मंग मालकानं सांगतलं, जास्त वेचन तिले इनाम. त्या दिवसापासून मी मांगं वळून पाह्यलंच नाही. विजयमालाले सहावा महिना होता. तिनं म्हटलं, बाई, घडीभर सावलीत बसू. मी म्हटलं, तू बस. ती बसली नाही. मले गाठाले वेचतच राह्यली. संध्याकाळी तिले बैलबंडीत टाकून नेलं. लेकरू गेलं. इनाम मले भेटलं. कोनी मले बोललं नाही, तीही नाही. पण पुन्हा माह्या बाजूच्या ओळीत ती कधी लागली नाही. हे आजवर मी कोनालेच सांगतलं नव्हतं.

नाव लिहाच्या आधी त्या बायाइच्याजवळ जाऊन बस.

जिवाले जप. म्हातारीले विसरू नको.
आत्या

महागाव, १६ जून २०२५

ती. आत्यास सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र शनिवारी संध्याकाळी हातात पडलं. नाव मी दुपारीच लिहून बसले होते. मोतीबाईचं.

ती तांड्यावरची. बाया तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. मला कॉलर बसवायला तिनंच शिकवलं. शनिवारी तिची सुई दोनदा मोडली, पंचवीसच झाले. ते पाहून नंदाबाई आपला एक शर्ट उसवायला लागली होती. मला ते दिसत होतं, तरी मी खडू उचलला. मोतीबाईनं मशीनवर कापड झाकलं, कात्री पिशवीत टाकली आणि निघाली. सगळ्यांच्या मशीन बंद होत्या.

काल तांड्यावर गेले. दिवाळीपासून तिला उजव्या डोळ्यानं नीट दिसत नाही. काम जाईल म्हणून मालकापासून लपवलं. बायांना ठाऊक होतं. तिच्या डोळ्याला झेपतात तेवढेच सव्वीस शर्ट साऱ्या शिवायच्या. मी माफी मागितली. ती म्हणाली, आधी चहा घे.

आज फळा पुसला. वामनरावांना सांगितलं की आकडा साऱ्यांचा मिळून एकच धरा, इनाम साऱ्यांना द्या, कुणाला काढू नका, मोतीबाईला हातानं शिवण तपासायला बसवा. त्यांनी शनिवारपर्यंत मुदत दिली. माल झाला नाही तर ती आणि मी दोघीही घरी. मग बायांपुढे उभी राहून माझं चुकलं म्हणाले. बायांनी मशीन सुरू केल्या.

तुझ्या आशीर्वादाची गरज असलेली,
अर्पिता

महागाव, ३० जून २०२५

ती. आत्यास सविनय जयभीम, वि. वि.

माल वेळेत गेला. नंदाबाईनं एका दिवसात त्रेचाळीस शर्ट शिवले. वामनराव खूश आहेत; मला कसं जमवलं विचारत होते. मी काही जमवलं नाही, असं सांगितलं ते त्यांना पटलं नाही.

मोतीबाईनं चार दिवस शिवण तपासली. मग यवतमाळला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, फार उशीर केला. ऑपरेशन करू, पण उजव्या डोळ्याचं सांगता येत नाही. नंदाबाई तिच्याजवळ दवाखान्यात राहिली, नव्या मालातले नंदाबाईच्या वाटचे शर्ट बाकीच्यांनी शिवले. डबा मात्र मी अजून एकटीच खाते. कुणी ये म्हणत नाही, आणि मी कोणत्या तोंडानं जाऊ?

मी सुपरवायझर झाल्यापासून नंदाबाई मला मॅडमच म्हणायची. परवा ती दवाखान्यातून परत आली, मशीनवर बसली, आणि उलटी बाही लागलेला एक शर्ट माझ्या मांडीवर टाकून म्हणाली, अर्पिता, रिकामी काहून उभी आहेस, हे उसवून दे. मी तिथंच खाली बसून उसवलं.

पत्राला उशीर करू नकोस, वाट पाहते.
तुझी,
अर्पिता