खळ नसलेला गळपट्टा

सांगली,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय नंदिनी,

तुझी आणि मानसिंगरावांची तब्येत बरी असेल असं धरून चालते. माझा गुडघा अजून माझंच ऐकतो. साताऱ्यात स्वेटर निघाले असतील. इथे दुपारी पंखा लागतो. विचारपूस झाली, आता कामाचं.

तुझी कादंबरी वाचली. तू पाठवली नाहीस. प्रकाशनाची पत्रिकासुद्धा आली नाही, तेव्हा मला वाटलं वयोमानानं विसरली असशील. मावशीचं पुस्तक म्हणून माझ्या लेकीनं, प्रीतीनं, कौतुकानं विकत घेतलं आणि मला एक प्रत पाठवली. दोनशे वर्षांपूर्वीचा सातारा, रेसिडेन्सीतला इंग्रज कप्तान, त्याची बायको लुईझा. भाषा बरी आहे. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईकडून याहून जास्त मार्कांची अपेक्षा करू नकोस.

पण त्या कप्तानाच्या गळ्यातल्या कापडाबद्दल मला तुला विचारायचंय.

पाचगणीला शिवणाच्या तासाला आपण त्या जुन्या विलायती कादंबऱ्या खाकी कव्हर घालून वाचायचो. त्यातला नायक आरशासमोर हनुवटी छताकडे करून उभा राहायचा, खळ घालून कडक केलेला पांढराशुभ्र गळपट्टा गुंडाळायचा आणि हनुवटी हळूहळू खाली आणत घड्या पाडायचा. दहा चुरगळायचे, अकरावा जमायचा. जमिनीवर पडलेले दहा पाहून तू म्हणायचीस, "मेल्याच्या धोब्याची दया येते गं." हे सगळं तुला माझ्याइतकंच पाठ आहे. मग तुझ्या कप्तानाचा गळपट्टा बिनखळीचा कसा? मऊ मलमलीचा कसा? आणि गाठ समोर सोडून डाव्या कानाखाली का? परीक्षण लिहिणाऱ्या कुणा प्राध्यापकांना त्यात तुझी कल्पकता दिसली. मला त्यात माझं घर दिसलं.

ह्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा स्वरयंत्र काढलं आणि श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं. हळदीच्या अडतीवर उभं आयुष्य काढलेला माणूस तीन महिने उंबऱ्याबाहेर पडला नाही. 'लोक गळ्याकडे बघतात,' असं पाटीवर लिहायचे. तेव्हा मला ते नायक आठवले. मलमल आणून मी दीड वार लांबीचे सहा गळपट्टे शिवले. खळीचा कण श्वासात जाऊ नये म्हणून बिनखळीचे. भोकावर दाब येऊ नये म्हणून गाठ कानाखाली. रोज सकाळी आरशासमोर मी बांधायची.

पहिल्या दिवशी मार्केट यार्डात पोचलो तर आमचा हमाल कोंडीबा पोतं खाली टाकून बघतच राहिला. "आवं मालक, ह्ये काय? लगीन हाय व्हय कुनाचं? लय झ्याक दिसतंय की!" हे हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलले. ते मी तुला त्याच दिवशी लिहून कळवलं होतं. तुझ्या पुस्तकात कोंडीबाचा शिपाई झालाय, वाक्य तेच आहे.

एवढंच घेतलं असतंस तर मी दोन दिवस चिडले असते आणि तिसऱ्या दिवशी फोन करून शिव्या दिल्या असत्या. पण पान एकशे बारा.

'तिनं कापड ओढलं. मनात आलं, आता सुटेल. तो की आपण, हे तिला ठरवता येईना.' प्रकरण संपलं. पुढच्या प्रकरणात कप्तानाला मूठमाती.

सतरा मे दोन हजार पाचला ते वाक्य मी तुला लिहिलं होतं. जगात फक्त तुला. तू फोन केलास, "पत्र बंबात घातलं गं. तूही विसर." मी फोन ठेवून रडले होते, मैत्रीण असावी तर अशी म्हणून. म्हणजे तू ते कपाटात ठेवलंस. एकोणीस वर्षं. माझ्याशी दिवाळीचं बोलत होतीस, गुडघ्याचं बोलत होतीस, आणि ते तिथे होतं.

आता प्रीतीचं सांगते. ती गेल्या रविवारी कवठे महांकाळहून आली. चप्पल न काढताच दारात उभी.

"आई, एकशे बारावं पान वाचलंस?"

"वाचलं."

"हे बाबा आहेत?"

"कप्तान आहे."

"मी तुझी विद्यार्थिनी नाही, आई. कानाखाली गाठ कोण बांधायचं?"

मी हो म्हटलं. पुढचं सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण तिचा चेहरा उघडत नव्हता. म्हणाली, "एकोणीस वर्षं गप्प बसलीस. पुस्तक आलं आणि लगेच पुढचं आठवलं?" मग म्हणाली, "शेवटची दोन वर्षं बाबा स्वतःच बांधायचे. वेडंवाकडं. मी विचारलं तर तू म्हणालीस, त्यांना हौस आहे. हौस होती, की तुझी भीती होती?"

चहा तसाच ठेवून गेली. आज आठ दिवस झाले, माझा फोन घेत नाही.

तुला वाटेल म्हातारी लेखकाच्या हक्कावर भांडतेय. मला तुझी कादंबरी नको, माझं नावही त्यात नको. तू माझं वाक्य घेतलंस ते घेतलंस, पण त्याच्या पुढची ओळ कापलीस. तिथे तुला मढं हवं होतं. माझ्याकडे माणूस होता.

तुला माहीतच आहे, तरी लिहिते. तीन रात्री झोप नव्हती. ह्यांनी सकाळी रागानं भांडं भिरकावलं होतं. मी कापड ओढलं आणि भोकावर तळहात ठेवला. चार आकडे मोजण्याइतका वेळ. हे आरशातून माझ्याकडे बघत होते. हात वर केले नाहीत. मी हात काढला. श्वास सारखा झाल्यावर त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'तू दमलीस. उद्यापासून मी बांधीन.' बाईचं पाप अर्धं सांगून तू प्रकरण संपवलंस. नवऱ्याचा मोठेपणा तुला कथेत अडचणीचा वाटला असेल.

भीती होती का, हा प्रीतीचा प्रश्न मलाही आहे. दोन वर्षं रोज सकाळी आरशात त्यांची बोटं अडखळताना बघून मी तोच प्रश्न गिळला. विचारायचं धाडस झालं नाही, आणि ते गेले.

ती पाटी मी त्याच संध्याकाळी पुसली. त्यांनी काय लिहिलं ते आता एकाच ठिकाणी आहे. माझ्या तुला लिहिलेल्या पत्रात, तिसऱ्या पानावर. मी तुला जाळायला सांगितलं होतं ते पत्र. वाक्य शब्दशः छापलंस म्हणजे ते तुझ्याकडे आहे. नंदिनी, तू माझ्याशी खोटं बोललीस याचा मला आज आधार वाटतो. त्या आधाराची वाटते इतकी लाज मला पान एकशे बाराचीही वाटली नाही.

ते पत्र प्रीतीला पाठव. माझ्याकडे नको; माझ्या हातून गेलं तर म्हणेल, काल बसून लिहिलं. जुन्या पाकिटासकट पाठव, त्यावर पोस्टाची तारीख आहे. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. सोबत चिठ्ठी जोडू नकोस, तुझं गद्य तिनं पुरेसं वाचलंय. मला फोनही करू नकोस. माफी मागितलीस तर मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते मला अजून सुचलेलं नाही.

फक्त ते असू दे. एखादं पानही हरवलेलं नसू दे.

पन्नास वर्षांची तुझी मैत्रीण,
आज फक्त तुझ्या कपाटाच्या भरवशावर उरलेली,
राजमती