अण्णांचा पॅच लागत नाही

भिंगार
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. जयावहिनींनाही नमस्कार आणि पार्थला पापा. तिघेही बरे असाल. इकडे थंडी सुरू झाली आहे. आई सकाळी गुडघ्यांना तेल चोळून अंगणात उन्हाला बसते. सोनईच्या रानात काकांनी यंदा कांदा केलाय, दोन गोण्या पाठवतो म्हणालेत. माझी सुप्याची नोकरी चालू आहे, कंपनीची बस घ्यायला येते, तेवढं सुख. दिवाळीत तू पाठवलेला स्वेटर अण्णांना ढगळ होतो, तरी अंगातून काढत नाहीत.

फोनवर बोलता आलं असतं. पण आपलं घर तुला माहीत आहे, एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत ऐकू जातं. आणि तू फोन करतोस तो आईला. म्हणून ही मेल.

मंगळवारी गोरक्षनाथमामांचा फोन आला. म्हणाले, "सुकन्या, सर हायेत का? 'उच्चार' आकडे गाळायला लागलंय बघ. जावयाचा नंबर ऐकतोय तर मधले दोन आकडे गायबच. तीनदा ऐकला, तीनदा चुकीच्या माणसाला लागला." हसत होते. पण मी समजले. अण्णांनी 'उच्चार' पहिल्यांदा लिहिलं ते मामांसाठीच ना. कॉलेजच्या टेलिफोनवर बसणाऱ्या या आंधळ्या माणसाला कुणाला न विचारता पडद्यावरचं मराठी कॉम्प्युटरच्याच तोंडून ऐकता यावं, एवढ्याच हट्टाने. पुढे तू ते वाढवलंस, कुणाचा बदल घ्यायचा हेही तूच ठरवतोस, आता किती शाळांमधून वापरतात.

त्याच दिवशी 'उच्चार'वर काम करणाऱ्या सगळ्यांना गेलेली तुझी मेल आली. अण्णांच्या पॅचने आकड्यांचे नियम पुसले गेले, तो तू काढून टाकलास, आणि यापुढे सहादेव यांचा, म्हणजे अण्णांचाच, पॅच दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय घेऊ नये. तुझं बरोबरच आहे. त्यामागून फक्त त्यांना तू जी ओळ लिहिलीस, 'अण्णा, लक्ष लागत नसेल तर पाठवू नका,' तीही मी वाचली. रागावले नाही. तुला काय माहीत?

पॅच म्हणजे काय ते अण्णांनी आईला एकदा समजावलं होतं, आठवतं? 'कुठली ओळ काढायची, कुठली घालायची आणि का, हे पत्रात लिहून पाठवायचं. पलीकडच्याने कॉम्प्युटरला "गिट एएम" अशी आज्ञा दिली की पत्र बरोबर जागच्या जागी बसतं, आणि ज्याने लिहिलं त्याचं नाव कायम राहतं.' आई म्हणाली, "म्हंजी ठिगळच की!" अण्णा इतके हसले होते. इतर सगळे वेबसाइटवर बटणं दाबून बदल देतात, पण अण्णांचं मेलवरच. पत्राला माणूस जबाबदार असतो, म्हणायचे.

गेल्या वर्षभरात त्यांचे पॅच नीट येत होते, असं तुला वाटलं असेल. ते मी नीट करत होते. तू नव्या ओळी घातलेल्या असायच्या आणि अण्णांचं सगळं जुन्या प्रतीवर लिहिलेलं. मी आधी इथेच लावून बघायची. लागायचा नाही. मग संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसून, "अण्णा, ही ओळ आता इथे नाहीये, खाली गेलीय," असं म्हणत म्हणत दुरुस्त करायची. त्यांनीच शिकवलेलं मला, पण मी काही तुझ्यासारखी नाही. कधीकधी त्यांना काय म्हणायचंय तेच मला समजायचं नाही. नंतर नंतर त्यांनाही सांगता यायचं नाही.

परवाचा तो पॅच मी कामावर असताना त्यांनी एकट्यांनी पाठवला. लागला कसा, याचंच नवल. बाकी सगळे लागत नव्हते आणि नेमका तो लागला.

दादा, अण्णांना विसरण्याचा आजार आहे. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातही दाखवलं. मेंदूचा फोटो काढला. ते म्हणाले, औषधाने थोडं सावकाश होईल, थांबणार नाही. मागच्या वर्षीच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. दवाखान्यातून येताना सुप्याच्या पुढे अण्णांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. तेव्हा ते चांगले होते. मला आणि आईला म्हणाले, "ओमला कळवायचं नाही. कळलं तर तो माझे पॅच दयेने घेईल. मला तसे लागलेले नकोत."

आई म्हणाली, "अहो, पोरगाय तो तुमचा."

"म्हणूनच," अण्णा म्हणाले.

चार वर्षांपूर्वी तू सगळ्यांसमोर त्यांचा बदल नाकारलास, तेव्हापासून तुम्ही बोलत नाही. तुला वाटतं, त्यांनी ते मनात धरलं. धरलं होतंच. पण महिन्याभराने कॉलेजच्या जुन्या मित्राला सांगत होते, "बापाला नाही म्हणाला. असाच माणूस लागतो तिथे." तुला कधी म्हणाले नाहीत. तूही विचारलं नाहीस. तुम्हा दोघांमध्ये बोलणं म्हणजे ते पॅच, तेवढंच उरलं होतं, आणि ते चालू राहावं म्हणून मी धडपडत होते.

आता नाही जमत. मी आठ-नऊ तास बाहेर. कॉम्प्युटर बंद केला तर ते चिडतात, रडतात. चालू ठेवला तर तीच आज्ञा परत परत देतात. पहिला पॅच अडकून पडलेला असतो, तो सोडवल्याशिवाय मशीन दुसरा घेत नाही, आणि सोडवायचा कसा ते आता आठवत नाही. मशीन म्हणतं, आधीचं काम अपुरं आहे. अण्णा मला विचारतात, "कंचं काम ऱ्हायलंय गं?" हो, बोलणंही असं झालंय. कॉलेजात इतकी वर्षं शुद्ध बोलले, आता सोनईचं लहानपणचं बोलतात. आईला ते आवडतं. म्हणते, लग्न झालं तेव्हा असेच बोलत होते.

तुझी मेल त्यांनी वाचली. मोठ्याने वाचली, दोनदा. मी पाण्याचा पेला घेऊन उभी होते. मला वाटलं, आता कोसळतील. ते म्हणाले, "मानूस कडक हाय. पन खरा हाय."

मी विचारलं, "कोण, अण्णा?"

"ह्यो. ओम. आपल्या ओमच्याच नावाचा हाय बघ."

"आणि आपला ओम कुठाय?"

घड्याळाकडे बघितलं. "शाळा सुटंलच आता."

हे लिहायचं नव्हतं. तीनदा खोडलं. पण हे सोडून बाकी सगळं लिहिलं असतं, तर तू समजला असतास की अण्णा थकलेत, म्हातारे झालेत. तसं नाहीये.

तू ये किंवा येऊ नको, हे मी कोण सांगणार? त्यांचा पुढचा पॅच येईल तेव्हा इतरांसारखंच 'लागत नाही' म्हणून लिहावंस की काहीच लिहू नये, तेही मला ठरवता येत नाही. त्यांना दिलेला शब्द मी मोडला आहे, एवढं मात्र तूही विसरू नकोस. मी हे का केलं, तर मला दुसरं काही सुचलं नाही.

तुझी,
सुकन्या


भिंगार
सोमवार, १९ जानेवारी २०२६

प्रिय दादा,

पोचल्याचा तुझा मेसेज तेव्हाच मिळाला, लिहायला आज बसले. प्रवासात काही खाल्लंस की नाही? आईने दिलेल्या बाजरीच्या भाकरी विमानतळावर टाकून द्याव्या लागल्या, हे मी तिला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

चार दिवस आधी तिकीट बदलून गेलास, त्याबद्दल इथे कुणी काही म्हणत नाही. आई एवढंच म्हणाली, "त्याच्याच्यानं बघवंना." मलाही समजतं. तीन दिवस तू त्यांच्याशेजारी बसलास आणि ते तुला पुण्याहून शिकायला आलेलं पोरगं समजून आज्ञा शिकवत राहिले, तोवर ठीक होतं. तू किती शांतपणे 'हो सर' म्हणत होतास. चौथ्या दिवशी तुला राहवलं नाही. मी तुझ्या जागी असते तरी म्हटलं असतं, "अण्णा, मी ओम." तिसऱ्यांदा म्हणालास तेव्हा ते घाबरले. घरात परका माणूस आपल्या पोराचं नाव सांगतोय, असं त्यांना वाटलं. त्यांनी हात उगारला तो त्या माणसावर, दादा, तुझ्यावर नव्हे. आईने तुला बाहेर जायला सांगितलं तेही तुझ्यासाठीच.

तू गेल्यावरचं सांगते. दोन दिवस ते कॉम्प्युटरजवळ गेले नाहीत. मग गोरक्षनाथमामा आले. मामांनी चाचपत त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "सर, मी गोरक्ष. आकडे आता झ्याक वाचतंय." आवाज त्यांना ओळखू आला. चेहरा फुलला. अर्धा तास दोघे बसून होते, बोलले फार थोडं. मामा दारात मला म्हणाले, "मला त्यांचा चेहरा कधी दिसलाच न्हाई, म्हणून माझं चाललं. तुमचं अवघड हाय."

मामा गेले तसे अण्णा कॉम्प्युटरला बसले. मी स्वयंपाकघरात होते. संध्याकाळी बघितलं तर तुला एक मेल गेली होती. तुला मिळाली आहेच. विषयात 'पॅच' एवढंच. आत एकही ओळ काढलेली नाही, एकही घातलेली नाही. फक्त तळाशी त्यांचं नाव.

तू उत्तर दिलंस: 'मिळाला. बघतो.'

ते अण्णांनी मला वाचायला लावलं. मग म्हणाले, "बघतो म्हनला ना? मग बघंल."

त्यात बघण्यासारखं काही नाही. तरी रोज चहा झाला की विचारतात, "लागला का?" मी सांगते, "अजून नाही." आई चिडते, "म्हण की हो! तुजं काय जातंय?" माझं काय जातं हे मला सांगता येत नाही. हो म्हटलं की ते पुन्हा विचारणार नाहीत, आणि तेवढी एकच गोष्ट आता ते आपणहून विचारतात.

डॉक्टरांकडे बुधवारी नेलं होतं. गोळ्या बदलल्या. पुढे काय काय होईल ते त्यांनी सांगितलं. मी ऐकून घेतलं. त्यातलं तुला हळूहळू सांगेन, आज नको. कंपनीत महिनाभराची बिनपगारी रजा मागितली आहे, देतील असं वाटतं.

एक गोष्ट काल झाली. मी त्यांचे केस विंचरत होते. आरशातून माझ्याकडे टक लावून बघत होते. मग म्हणाले, "तू कोनाची गं?"

हा प्रश्न कधीतरी येणार, हे ठाऊक होतं. त्यासाठी मनात काय काय जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवेना. 'तुमची' म्हणायला तोंड उघडलं, पण तू तसं म्हणालास तेव्हा ते किती घाबरले होते, ते डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, "मी ओमची बहीण."

त्यांनी मान हलवली. खांदे सैल सोडले. "मग विंचर," म्हणाले.

फोन करत जा. अण्णांना नको, आईलाही नको. मला कर. काही बोलायला हवं असं नाही.

तुझी बहीण,
सुकन्या