स्पीकरवर बोलू नये

२२ सप्टें., सोम.
आज दुकानात तिसऱ्या मजल्यावर, बायकांच्या बाथरूममध्ये मारामारी. खरीखुरी. एक गिऱ्हाईक आरशासमोर उभी राहून बहिणीला व्हिडिओ कॉलवर साडी अंगावर धरून दाखवत होती. मागचं दार उघडून दुसरी बाहेर आली, साडी अजून नीट खाली सोडलेली नव्हती. फोनमधून पुरुषाच्या हसण्याचा आवाज आला. झालं! दुसरीने फोन हिसकावून भिंतीवर हाणला, पहिलीने तिच्या झिंज्या धरल्या. एकीच्या कानाची पाळी फाटली, कुडी बेसिनमध्ये पडली. फरशीवर रक्त. मी मध्ये पडले तर कोपर माझ्या बरगडीत. शेवटी पट्टी आडवी घालून दोघींना भिंतीकडे रेटलं. कापड मोजायची स्टीलची मीटरपट्टी, बावीस वर्षं माझ्या हातात आहे. पोरी तिला माझ्यापेक्षा जास्त भितात.

मालकांनी खाली बोलावलं. "दीपावळीची गर्दी तोंडावर आलीय. आत फोन बंद. गिऱ्हाईक असो की आपल्या पोरी. तुळसाबाई, हे तुमच्याकडे."

माझ्याकडेच असतं सगळं.

२३ सप्टें.
तमिळमध्ये कागद लिहून आरशाशेजारी आणि बाहेर दारावर चिकटवला. आत फोटो-व्हिडिओ नको. दार लावून बोलत बसू नये. स्पीकरवर तर मुळीच बोलू नये. बाहेर माणसं ताटकळतात.

शेल्वी (झाडू-फिनेल तिच्याकडे) म्हणाली, "अम्मा, निम्म्या बायका आत रडायला येतात. त्यांच्यासाठी काय लिहिणार?"

म्हटलं, रडा म्हणावं, पण फोन बंद ठेवून. दिवसभरात सहा दारं ठोकली. एक कॉलेजची पोरगी मला म्हातारी म्हणाली. तिचं बोट दारात आलं. मुद्दाम नाही. बहुतेक.

२५ सप्टें., गुरु.
दुपारी चारला शेवटच्या दारामागे कोणीतरी दहा मिनिटं बोलतंय. बाहेर पोरंबाळं घेऊन बायका उभ्या. जवळ गेले तर मराठी! आपली, तंजावरची, इकडे तमिळ मुलखात पिढ्यान् पिढ्या आपल्या घरांत बोलतात ती. वर स्पीकर लावलेला, दोन्हीकडचं ऐकू येत होतं. तिला वाटलं असणार, इथे कोणाला कळतंय. आपण सगळेच तसं करतो. बसमध्ये, डॉक्टरकडे, शेजारणीच्या तोंडावर तिचीच उणीदुणी काढतो, खुशाल मोठ्याने.

आतून, "अम्मा, परवां पुन्हा मारलं. मज नको हे घर. मी पापनाशमला येतें गे."

फोनमधून आई, "वर्ष झालं नाही लग्नाला. येऊन काय करतीस? थोडं सोसून घे."

मला राग आला. कोणावर, ते आता लिहिताना सांगता येत नाही. तेव्हा एवढंच डोक्यात आलं, आपल्या घरांची लक्तरं, आपल्या भाषेत, संडासात बसून, तीही स्पीकरवर! पट्टीचे असे तडाखे दिले की आतली कडी निखळली. बाहेर आली ती यमुना. लहान मुलांच्या कपड्यांच्या काउंटरवरची, तीन आठवडेच झालेत लागून. पोरींचे फोन खाली गेटवर ठेवायचे असतात, हिने पदराखाली आणलेला. मनगट पिरगळून काढून घेतला.

"अक्का, फोन नका घेऊं."

"आईला सांग, इथं बाजार भरवूं नको म्हणून," मी मराठीत म्हटलं. तोंड पांढरं पडलं तिचं. "होय, कळतं मज. बहिरी नाही मी."

अर्धी आहे. डावा कान गेलेला. ते तिला कशाला सांगा.

फोन ड्रॉवरमध्ये ठेवला. तासाभरात तीनदा वाजला, नाव "मुरली". तिसऱ्यांदा उचलला. नवरा. वडीलधारी म्हणून जे बोलायचं ते बोलले. तुमची बायको कामाच्या वेळी बाथरूमचं दार लावून आईला घरचं सगळं सांगत बसते, जरा समज द्या.

"सांगितलंत ते बरं केलंत, अक्का." आवाज किती गोड. आपल्यातला मुलगा म्हणून बरंही वाटलं.

जाताना तिला फोन परत दिला.

२८ सप्टें., रवि.
य. शुक्रवारपासून नाही. फोन बंद. गर्दी मरणाची, काउंटरवर माणूस कमी. मालकांची बोलणी मीच खाल्ली.

२९ सप्टें., सोम.
आली. उजवा हात प्लास्टरमध्ये, तीन बोटं. कानात कापूस. डाव्या हाताने झबल्यांच्या घड्या घालत होती.

"काय झालं?"

"घसरलें, अक्का."

शेल्वी माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघितलं नाही. चारला य.ला शेवटच्या दारामागे नेलं, दार लोटून घेतलं. दोघी उभ्या, मध्ये वीतभर जागा. मग बोलली.

त्या दिवशी घरी गेल्यावर त्याने तिला हात फरशीवर ठेवायला लावला आणि तिच्याच फोनने ठेचला. फोन फुटेपर्यंत. एकेका घावाला विचारत होता, "अजून कोणाला सांगशील? आईला? त्या अक्काला?"

अक्का म्हणजे मी. आणि त्याला सांगितलं तेही मीच.

भलतंच विचारलं, स्पीकर का लावत होतीस? म्हणाली, कानाला लावला की कळ येते. एक पडदा फुटलाय, दुसऱ्यांत शीळ वाजते.

पट्टी भिंतीला टेकवली. माझा डावा कान लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेला, चटणी खारट झाली म्हणून. महिनाभर शीळ, मग काहीच नाही. तेव्हा कोणाला सांगायचं म्हटलं तर फोन नव्हता, आणि मी कोणाला सांगितलंही नाही. म्हणून हिनेही सांगू नये असं वाटलं का मला? मला माझी किळस आली. अजून येतेय.

१ ऑक्टो., बुध. आयुधपूजा
कात्र्या, शिवणयंत्रं, बिलाचं मशीन, सगळ्यांना हळदकुंकू. माझ्या पट्टीलाही. मालकांनी सगळ्यांना चुरमुरे-डाळं वाटलं. पट्टीकडे बघवत नव्हतं, तरी हातात घेतलीच.

चारला य.ला माझा फोन दिला आणि शेवटचं दार. बाहेर मी. शेल्वीने बादली आडवी ठेवून गिऱ्हाइकांना सांगितलं, आत पाणी तुंबलंय. एक बाई कागदाकडे बोट दाखवून म्हणाली, तुमचा नियम तुम्हालाच नाही का? म्हटलं, नाही.

आईचं तेच. सोसून घे. मुलं झालीं की निवळतो. ऐकवेना. दार ढकलून आत गेले, फोन हातात घेतला. "मी तुळसाबाई, इथली सूपरवायझर. तुमच्या मुलीची तीन बोटं मोडलींत. अर्धं पाप माझं. उरलेलं तुम्ही करताय."

पलीकडे रडणं. मग, "शनवारीं येतें. भावाला घेऊन येतें. तोंवर तिला सांभाळाल की?"

हो म्हटलं. कशाच्या जोरावर, देव जाणे.

२ ऑक्टो.
सुट्टी. ह्यांनी कॉफी पिताना विचारलं, वहीत इतकं काय लिहितीस? ह्यांना बाळबोध लिपी वाचता येत नाही, घरात कोणालाच येत नाही, म्हणून वही टेबलावर उघडी असते. य.चं थोडं सांगितलं.

"दुसऱ्याच्या संसारांत कशाला जातीस?"

हल्ली फार शांत झालेत. साखर, बीपी, रोज कोविलात देवदर्शन. मुंगीसुद्धा उचलून बाहेर सोडतात. लोक मला म्हणतात, भाग्यवान आहेस. मी हसते. वेलदोड्याची साल काढतात तशी त्यांची बोटं एकेक सोलावीशी वाटली आज, आणि मी त्यांना दुसऱ्यांदा कॉफी दिली.

३ ऑक्टो., शुक्र.


य.च्या मामांनी शनिवारचं बायकोला सांगितलं, तिने मुरलीच्या आईला. दुपारी तीनला तो वर आला. पांढरा सदरा, भांग पाडलेला, कपाळावर विभूती. काउंटरवर हसून विचारलं, यमुना कोठें? कोणीतरी बोट दाखवलं. सरळ बायकांच्या बाथरूममध्ये घुसला.

मी साड्यांच्या बाजूला होते. किंकाळी ऐकून धावले तोवर तो तिला वेणीला धरून बाहेर ओढत होता. प्लास्टर भिंतीवर घासत, खरडत. ती ओरडत नव्हती, ओरडत होत्या त्या गिऱ्हाइक बाया. दोघींनी फोन काढून धरले होते, माझ्या कागदाच्या बरोबर खाली उभ्या राहून. हात मोकळे होते त्यांचे, पण फोन धरायला लागत होते.

शेल्वीने बादली फेकली. त्याने तिला लाथ घातली, पोटात. वेणी सोडली नाही.

माझ्या पट्टीचा पहिला तडाखा त्याच्या मनगटावर. तरी सोडली नाही. दुसरा कानावर. खोटं कशाला लिहू, कान बघूनच मारला, उजवा. तेव्हा सुटली. तो कान धरून खाली बसला, बोटांमधून रक्त. तिसऱ्याची गरज नव्हती. तोही मारला. चौथ्याला शेल्वीने हात धरला. नसता धरला तर थांबले नसते, हे मला माहीत आहे आणि त्याचं वाईट वाटत नाही. वाटायला हवं बहुतेक.

जिना उतरताना तो म्हणाला, उद्या चार माणसं घेऊन येतो, बायकोला नेतो, म्हातारीला बघतो. तोच गोड आवाज.

मालक, "बावीस वर्षं आहात म्हणून सांगतो. उद्या त्याची माफी मागा आणि मुलीला त्याच्याबरोबर पाठवा. नाहीतर पोलिसांत मी तुमच्या बाजूने उभा राहणार नाही." म्हटलं, उद्याचं उद्या. य.ला शेल्वीने तिच्या घरी नेलं.

पट्टी धुतली. पूजेचं कुंकूही गेलं.

घरी आले तर व्हिडिओ आधीच पोचलेला. हे खुर्चीत, फोन हातात, तेच तेच लावून बघत होते. माझ्याच आवाजातली शिवी चार वेळा ऐकली. मग त्यांनी वर बघितलं.

"इतका जोर होता तुझ्यांत?"

"होता."

कॉफीचा लोटा दोन्ही हातांनी खाली ठेवला त्यांनी. मी खुर्ची ओढून समोर बसले, उजवा कान त्यांच्याकडे करून. तीस वर्षांत प्रथमच घाबरलेले दिसले. मला बरं वाटेल असं वाटलं होतं, तेवढं वाटलं नाही.

४ ऑक्टो., शनि.
पावणेअकरा. बाथरूमच्या दाराशी उभ्याने लिहितेय. हात रिकामा ठेवायचा नाही, म्हणून.

य. शेवटच्या दारामागे, माझा फोन तिच्याजवळ. आई-मामा साडेनऊच्या बसने निघणार होते. पापनाशमहून तास, फार तर सवा तास. दहाला फोन लागला नाही. साडेदहाला नुसती रिंग. मामांचाही उचलत नाहीत. मामांच्या बायकोने पुन्हा काही केलं का? की आईचंच मन फिरलं? दर पाच मिनिटांनी आतून नुसतं, "अक्का, आहात की?"

"आहे."

मुरली खाली आलाय, मालकांच्या केबिनमध्ये. कानाला पट्टी. बरोबर चार माणसं, म्हणाला होता तशी. शेल्वी दोनदा जाऊन बघून आली. मालकांनी सगळ्यांना कॉफी मागवलीय. सकाळी मला एवढंच म्हणाले, अकरापर्यंत विचार करा. केला. माफी मागणार नाही. पोरीला देणार नाही. नोकरी जाईल, कदाचित आतही जाईन. शेल्वीला म्हटलं तू खाली जा, तुला पोरंबाळं आहेत. ती गेली ती फिनेलचा डबा घेऊन आली आणि जिन्याच्या वरच्या तीन पायऱ्यांवर सगळा ओतला. आता तिथेच उभी आहे, झाडू उलटा धरून.

खाली खुर्च्या सरकल्या. केबिनचं दार. चपला.

आतून रिंग ऐकू येतेय, अगदी बारीक. पोरीने आईला पुन्हा फोन लावलाय, स्पीकर न लावता कानाशी धरून, कळ येत असताना. माझ्या कागदाची भीती अजून आहे तिला.

"स्पीकर लाव," मी ओरडले. "मोठा कर. मजही ऐकूं दे."

लावला. वाजतेय. उचललेला नाही अजून. पुन्हा वाजतेय. पट्टी उजव्या हातात घ्यायची म्हणजे पेन्सिल ठेवायला हवी.