खोडावरची पांढरी बुरशी

३ मार्च
नणंदबाई गेल्या लेकीकडे, महिनाभरासाठी. गाडीत बसता बसता बजावलं— "मी येईपर्यंत तुझ्या त्या रोगट झाडाला फळ दिसलं नाही, तर करवतवाल्याला बोलावणार. मला तिथे झोपाळा टांगायचाय!"
तेरा वर्षांचं झालं माझं जाबुटिकाबा, ते परदेशी फळझाड. रोपवाला म्हणाला होता, सातव्या वर्षी फळं. वाट बघून डोळे शिणले. वन्संना "बरं" म्हणून बसले खरी, पण जीव नुसता खालीवर होतोय.

९ मार्च
अरे देवा! खोडावर पांढरी बुरशी! फांद्यांच्या टोकाला नाही, पानांवर नाही— थेट सालीवर, कापसाचे पुंजके चिकटवल्यासारखी. शिवणाच्या दुकानाला दांडी मारली. साबणाचं पाणी, जुना टूथब्रश— हात पोचला तिथवर खसाखसा घासलं. वरचं राहिलं. करवतीआधी रोगाने मेलं तर काय करू!

१० मार्च
वरचे दोन पुंजके काठीने पाडले, चिंधीत बांधून रोपवाल्याकडे नेले. त्याने चष्मा लावला, बघितलं आणि खताच्या पोत्यावर बसलाच.
"ताई, अहो ही फुलं आहेत! याला फुलं-फळं सगळं खोडावरच येतं!"
मी गार! मग जे हसू फुटलं ते रस्ताभर थांबेना. लोक बघत होते, बघू देत. तेरा वर्षं फांद्यांची टोकं न्याहाळली, आणि फुलं आली तर साबण लावून अंघोळ घातली— शहाणी मी!
वन्संना कळता कामा नये. आयुष्यभर चिडवतील.

११ मार्च
दोन बादल्या पाणी. झाडाची माफी मागितली.

१९ मार्च
वर हिरवे मणी!! शर्टाच्या बटणाएवढे. आज दुकानात सगळ्यांवर उगाच माया करत होते.

५ एप्रिल
वन्सं आल्या. पिशवी हातातच, तडक अंगणात. वर टपोरी काळी-जांभळी फळं, खोडाला बिलगलेली.
"डिंकाने चिकटवलीस काय गं?"
स्टुलावर चढून एक ओढून बघितलं! जाड साल, आत पांढरा लुसलुशीत गर— काय गोड! मग दोघींनी अधाशासारखी खाल्ली. तोडल्यावर दोन-तीन दिवसांत आंबतात म्हणे, म्हणून बाजारात दिसत नाहीत. बरंच आहे, आम्हीच खाऊ.
"पण खाली एकही कसं नाही?" वन्सं म्हणाल्या.
शेवटी टूथब्रशाचं सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता खो खो हसतील. त्यांनी तर हातातलं फळही ठेवून दिलं.

६ एप्रिल
सकाळी चहाचा कप पुढे सरकवून, खाली बघत वन्सं म्हणाल्या— "ती बुरशी दरवर्षी यायची गं. तुझा त्या झाडावर जीव, उगाच रडत बसशील, म्हणून तू दुकानात गेलीस की मीच काठीला फडकं बांधून पुसायचे. पार वरपर्यंत."
मी कप खाली ठेवला.
"कधीपासून, वन्सं?"
"सातवं वर्ष लागलं ना त्याला, तेव्हापासून."