टाळूतली जादा छिद्रं

६ जानेवारी २०२५, कॅरी
आलो एकदाचा! नागपूरचा दातांचा दवाखाना बंद केला आणि थेट अमेरिकेत, दंतमहाविद्यालयाच्या संग्रहात. दोनशे कवट्या, प्रत्येकीच्या तोंडातल्या टाळूच्या हाडातली छिद्रं मोजायची. नसा जायला अक्कलदाढेजवळ दोन्हीकडे एकेक मोठं छिद्र असतं, मागे एखाददुसरं बारीक. झालं काम! याला म्हणे संशोधन म्हणायचं. वरिष्ठ चंद्रशेखरकाका पंचेचाळीस वर्षं इथे आहेत. कवटी उचलण्याआधी तिचा नंबर मोठ्याने वाचतात. भाबडा माणूस.

९ जानेवारी
माझ्याआधीच्या अस्मिताच्या नोंदी वाचल्या. एकेका बाजूला पाच छिद्रं, सहा छिद्रं! बाईंना मोजता येत नसावं. पडताळून पाहिलं तर खरंच तेवढी होती. किड्यांनी पोखरलेली, दुसरं काय! काकांना बोललो तर म्हणाले, "अरे, व्हेरिएशन म्हणजे एरर नव्हे. जसं आहे तसं रेकॉर्ड कर, टच करू नकोस." जन्मभर हाडं कुरवाळली की माणूस असंच बोलणार.

१३ जानेवारी
दातांच्या डॉक्टरला भोक दिसलं की हात शिवशिवतात. आज काका सुट्टीवर होते. जादा छिद्रं हाडाच्या रंगाच्या मेणाने बुजवून टाकली. सदतीस. काम इतकं सफाईदार की भिंगातूनही कळायचं नाही. कुठल्या कवट्या ते टिपलं नाही. कशाला टिपायचं? आता सगळा तक्ता कसा एकसारखा दिसतो.

१८ जानेवारी
मंडळाची संक्रांत. तेच कराओके, तीच भाडेकरार आणि ग्रीन कार्डची रडगाणी. मंडळातल्या उत्तराकाकूंनी तिळगूळ दिला. एक तीळ टाळूला मागे अडकला. जिभेने काढायला गेलो तर आत गेला. आत म्हणजे कुठे? मग चहा नाकातून बाहेर आला, सगळ्यांदेखत. मूर्खांना वाटलं मला हसू फुटलं.

२० जानेवारी
आरशात पाहिलं. डावीकडे पाच. रक्त नाही, दुखत नाही. डॉक्टर मीच, मला कसली भीती! — खोटं कशाला लिहू, घाबरलोय.

२२ जानेवारी
जिभेने मोजली. एकोणीस. बोलणं सगळं नाकातून येतं. फोनवर काकांना कळेना कोण बोलतंय.

२३ जानेवारी
मेण काढायला गेलो. सगळ्या टाळू सारख्या, गुळगुळीत. माझंच कसब! टाचणीने खरवडत बसलो. चार तासांनी एक सापडलं. मेण काढलं — आणि तोंडातलं एक बुजलं. त्याच क्षणी. अजून छत्तीस मेणाखाली. एवढ्यात काका आले. खरवडलेली हाडं पाहून त्यांना रडू आलं. माझी चावी काढून घेतली. सांगायला गेलो तर तोंडातून नुसता वारा —

२४ जानेवारी
काका दार उघडत नाहीत. चिठ्ठी लिहून दाराखाली सरकवली, तशीच पडून आहे. म्हातारा —

२५ जानेवारी
आता मोजता येत नाहीत. एकात एक मिळाली. जीभ आपोआप वर जाते — नाकात, त्याच्याही वर —
टोकाला काहीतरी लागतंय. गोल. ओलं.
मी डावीकडे पाहिलं. जिभेखाली ते गोल डावीकडे फिर —