भागीदार जरा बाहेर गेलाय

४ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. वाचनालयातून ग्रीक तत्त्वज्ञानाचं पुस्तक आणलंय. चार पानांत मरणाचा प्रश्न मिटला! आपल्या कंट्रोलमध्ये आहे ते करावं, नाही ते सोडून द्यावं. भागीदार गेला, ते माझ्या हातात नव्हतं. सोडून दिलं. चष्म्याचं दुकान हातात आहे. तो डोळे तपासायचा, मी फ्रेमी विकायचो. उद्याच नवा तपासणारा शोधणार.

४ मार्च, दुपार
दुकानातच राहिलेला भागीदाराचा मोबाइल वाजला. त्याची आई. काकू दुसऱ्या गावी लेकीकडे असतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, रडायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद, म्हणून लेकीने त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. मी म्हणालो, तो जरा बाहेर गेलाय. आवाज अजिबात कापला नाही. पुस्तकाचा गुण.

७ मार्च
तपासणारा शोधायचा राहिला. तपासणीच्या खोलीत झाडायला गेलो. अंधारात खुर्चीवर टेकलो, तर अगदी कानाशी: "हे बरं, की ते बरं?" भिंग बदलताना तो गिऱ्हाइकाला विचारायचा, तसंच. बाहेर आलो. पंखा असणार. ग्रीकांच्या मते मेलेल्या माणसाला काही जाणवत नाही. हे त्याला एकदा पटवून द्यायला हवं.
काकूंचा फोन. तो बँकेत गेलाय म्हणालो.

१२ मार्च
बायको विचारते, त्या खोलीला कुलूप कशाला? म्हटलं, धूळ जाते. तिचं म्हणणं, त्याचा मोबाइल मी माझ्या मोबाइलच्या आधी चार्ज करतो. बायकांना बारीकसारीक दिसतंच.
नवी प्रॅक्टिस: रोज सकाळी जवळच्या माणसाकडे बघून मनात म्हणायचं, हे उद्या नसेल. बायको चहा देत असताना चुकून मोठ्याने म्हणालो. दुपारचा चहा मीच केला.

१५ मार्च
भागीदाराच्या बहिणीचा फोन. काकूंचा डोळा बरा झाला, औषधाचे थेंबही बंद झाले. पण तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. मी शाळेपासूनचा मित्र, मीच सांगावं म्हणते. हो म्हणालो. अशा कामाला तयारीचा माणूसच लागतो. भाषण जुळवलं: सुरुवात विषाचा प्याला शांतपणे पिणाऱ्या त्या ग्रीक म्हाताऱ्यापासून, शेवट निसर्गनियमावर. काकूंना खूप आधार वाटेल.

१६ मार्च
तो जेवायला गेलाय म्हणालो.

१७ मार्च
दाढी करायला.

१८ मार्च
घसा बसलाय, बोलता येत नाही म्हणालो. त्याचा. खरं तर माझाच बसला होता.
खोलीचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं. आतून पुन्हा तेच विचारणं. भीती नाही. फक्त त्या बाजूला जात नाही.

२० मार्च, सकाळ
आज सांगणारच. मन एकदम शांत.

२० मार्च, दुपार
विषाच्या प्याल्यापर्यंत पोचलो आणि आवाज फुटेना. काकूंनीच थांबवलं. "मला माहीत आहे रे. रोज फोन करणारं माझं पोर गप्प झालं, तेव्हाच कळलं."
मग रोज फोन कशाला करत होतात, मी विचारलं.
"तू इतक्या घाईने सांगायचास, तो बाहेर गेलाय. वाटलं, तुलाच अजून कुणी सांगितलेलं नाही."
मी निसर्गनियमावर येऊ लागलो. काकू म्हणाल्या, ते राहू दे, आता रडून घे. मी आहे फोनवर.
दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. त्याच्यासमोरच रडलो.