एडिटरमध्ये आपोआप उमटणारी अक्षरं

आ-चेंग,

तो तू नव्हतास रे! माझ्या प्रोग्रॅममध्ये मधेच "जेवून झालं का?", "अजून वाढू?" असलं काहीबाही टाइप करणारा तू नव्हतास. परवा तुला घराबाहेर हो म्हणाले, ते चुकलंच माझं.

एडिटरची सगळी सेटिंग्ज तपासली, तरी अक्षरं उमटतच होती. शेवटी ती कुठल्या कीबोर्डवरून येतायत ते शोधलं, तर दोन कीबोर्ड निघाले! दुसरा आईचा, बिनवायरचा. त्याचा रिसीव्हर अजून माझ्याच कॉम्प्युटरच्या मागे आहे. आणि कीबोर्ड? तो तर ती गेल्यावर आपणच तिच्या आवडीचा म्हणून देव्हाऱ्यात तिच्या फोटोपुढे ठेवलाय.

धावत बाहेर आले. बाबा उदबत्ती लावून, नैवेद्याच्या भातापुढे बसून एका बोटाने टाइप करत होते. आईचं जेवण झालं का, हे नेहमीसारखं लाकडाचे दोन तुकडे टाकून, कौल घेऊन विचारायचं सोडून! पावलं न वाजवता तशीच मागे फिरले.

परत येऊन बघते, तर स्क्रीनवर नवी ओळ:

"पोरं कॉम्प्युटरवरून भांडली. धाकटा निघून गेलाय. तूच समजाव दोघांना."

कपडे न्यायला आलास की हे वाच. तू भरून ठेवलेली बॅग मी रिकामी केली आहे. रिसीव्हरला हात लावू नकोस. कोपऱ्यावरून बदकाचं सूप घेऊन येते.

आईने समजावलं असं समज, आणि जेवायला थांब.

ताई